बंदरातला संप सरकार थांबवतं का? थांबवतं, पण तुमच्या कंटेनरच्या वेळेत नाही

प्रश्न विचारलाय रबाळे एमआयडीसीतल्या एका ताईंनी. त्यांचा रबर गॅस्केटचा छोटा कारखाना आहे, महिन्याला एखाददुसरा कंटेनर न्हावा शेवाहून न्यू जर्सीला जातो. ट्रान्सपोर्टर म्हणतोय पुढच्या आठवड्यात चक्का जाम आहे, गाडीचं नक्की काही सांगत नाही. तिकडचा बायर वेगळंच विचारतोय, की 2024 ला आमच्याकडे गोदी कामगारांचा संप झाला तसा तुमच्याकडे झाला तर तुमचं सरकार मध्ये पडतं का. आणि ताईंचा स्वतःचा प्रश्न एवढाच की "एस्मा बिस्मा लावून दोन दिवसांत मोकळं करतात ना, मग मी कशाला घाबरू?"

ताई, थोडं लांबेल पण नीट सांगतो. मी या लाईनला 1996 पासून आहे. सुरुवात बॅलार्ड पिअरला एका कस्टम हाऊस एजंटकडे डॉक क्लार्क म्हणून, मग उरण साइडला एका सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोडाऊनमध्ये, अकरा वर्षं पर्सोनेल आणि आयआर बघितलं, म्हणजे युनियनशी बोलणी, नोटिसा, लेबर ऑफिसच्या चकरा सगळं माझ्याच गळ्यात, आणि आता वाशीला बसून तुमच्यासारख्या लोकांची शिपमेंट बघतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंनी चहा पिऊन झालाय.

पहिली गोष्ट, संप कोणाचा आहे ते बघा. आपण सरसकट "पोर्टचा संप" म्हणतो पण न्हावा शेवाला आज जहाजावरून डबे उतरवणारी कंटेनर टर्मिनल्स खाजगी ऑपरेटरकडे आहेत, 1999 ला पहिलं खाजगी टर्मिनल आलं आणि 2022 ला पोर्टचं स्वतःचं जे उरलं होतं तेही दिलं. पोर्ट ऑथॉरिटी आता बरीचशी जमीनमालकासारखी. पायलट, म्हणजे जहाज आत आणणारा वाटाड्या, मात्र पोर्टचा, तो बोटीवर चढला नाही तर खाजगी टर्मिनलची क्रेन नुसती उभी. म्हणजे पोर्ट कामगार, टर्मिनलचे कामगार, सीएफएसचे कॉन्ट्रॅक्ट लेबर, गोडाऊनमधले माथाडी, आणि ट्रेलरवाले, अशी पाच वेगळी माणसं तुमचा डबा अडवू शकतात आणि पाचही ठिकाणी सरकारचा हात वेगळ्या लांबीचा आहे. काही ठिकाणी तो पोचतच नाही.

पोर्ट कामगारांचं आधी घेतो, कारण कायदा तिथे सगळ्यात जास्त आहे. मेजर पोर्ट म्हणजे विषय केंद्राचा. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात पोर्ट पब्लिक युटिलिटीत (लोकोपयोगी सेवेत) धरलेलं होतं, म्हणून नोटीस दिल्याशिवाय संप नाही, नोटीस दिल्यावर 14 दिवस नाही, आणि समेटाची बोलणी चालू असताना आणि संपल्यावर आणखी 7 दिवस नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन इंडस्ट्रियल रिलेशन्स कोड लागू झाला, त्यात ही नोटिशीची अट सगळ्याच कारखान्यांना, आस्थापनांना लावली, पब्लिक युटिलिटी असो नसो. शिवाय निम्म्या किंवा त्याहून जास्त लोकांनी ठरवून एकदम कॅज्युअल लिव्ह टाकली तर तोही संपच धरायचा. हे कलम कोणाला डोळ्यासमोर ठेवून घातलंय ते आमच्यासारख्याला लगेच कळतं, "सर आज सगळ्यांच्याच घरी लग्न आहे" हे मी एका मे महिन्यात ऐकलेलं आहे.

आणि शिक्षा? जुन्या कायद्यात बेकायदा संपाला कामगाराला 50 रुपये दंड नाहीतर महिनाभर कैद. नवीन कोडमध्ये दंड 1,000 ते 10,000 पर्यंत नेलाय. ते असो. माझ्या अकरा वर्षांत या कलमाखाली आत गेलेला एकही माणूस मी बघितला नाही आणि मॅनेजमेंटलाही तो जायला नको असतो, कारण उद्या आरटीजी क्रेन त्यालाच चालवायचीय. एस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतल्या संपबंदीचा कायदा, आपल्याकडे राज्याचा मेस्मा, लोकांना पाठ झालाय एसटीच्या आणि दवाखान्यांच्या संपांमुळे. पण तो लावला म्हणून क्रेनवर कोण चढणार, ते शिकायला महिने जातात. आदेश काढता येतो, हात काढता येत नाहीत.

मग सरकार खरं करतं काय? तर वेळ विकत घेतं. एवढंच. हे एकदा डोक्यात बसलं की बातम्या वाचायची तुमची पद्धतच बदलेल.

नोटीस लागली की असिस्टंट लेबर कमिशनर नाहीतर रिजनल लेबर कमिशनर दोन्ही पार्ट्यांना बोलावतो. आम्ही सायनला जायचो. बाहेरच्यांना वाटतं तिथे साहेब निकाल देतो, तसं काही नसतं, समेट अधिकाऱ्याला हुकूम द्यायचा अधिकारच नाही, तो फक्त बसवतो, ऐकतो, मिनिट्स लिहितो आणि पुढची तारीख देतो. आमच्या एका केसमध्ये पहिला दीड तास चर्चा यावरच झाली की कॉन्ट्रॅक्ट लेबरचा हा विषय केंद्राचा की राज्याचा, आणि तो मुद्दा मीच काढलेला, वकिलाने सांगितलं होतं म्हणून, खोटं कशाला बोलू. पण युनियनचे अध्यक्ष बाहेर जिन्यात मला म्हणाले, "साहेब तुम्ही तारीख घ्या, मला पण पोरांना दाखवायला काहीतरी पाहिजे." तिथे मला पहिल्यांदा कळलं की तारीख दोघांनाही हवी असते. बोलणी चालू आहेत तोवर संप बेकायदा, म्हणून नेत्याला संप न करायला इज्जतीचं कारण मिळतं, आणि मॅनेजमेंटला वरच्या साहेबांकडून आकडा मंजूर करून आणायला आठ दिवस मिळतात. चांगला अधिकारी हेच सांभाळतो, दोघांपैकी कोणाचंही नाक कापलं जाणार नाही अशी मिनिट्स लिहितो. वाईट अधिकारी कायदा वाचून दाखवतो.

आता ऑगस्ट 2024 बघा. देशातल्या मेजर पोर्टांच्या कामगार फेडरेशननी 28 ऑगस्टपासून बेमुदत संपाची हाक दिली होती, पगारवाढीवरून. आदल्या दिवशी, 27 तारखेला, दिल्लीत शिपिंग मंत्री सर्बानंद सोनोवाल यांच्याकडे बैठक झाली आणि मिटलं, साडेआठ टक्के फिटमेंट म्हणजे पगारवाढ, 1 जानेवारी 2022 पासून लागू. सगळीकडे बातमी आली की मंत्र्यांच्या हस्तक्षेपाने संप टळला. बरोबरच आहे. पण तारखा परत वाचा. जुना करार 31 डिसेंबर 2021 ला संपलेला. बोलणी करायची समिती त्याच्याही आधी, मार्च 2021 ला नेमलेली. म्हणजे पावणेतीन वर्षं घोंगडं भिजत आणि संपाच्या आदल्या दिवशी सही. मेजर पोर्टला सरकार पंचही असतं आणि मालकही असतं, आणि मालकाला उशीर परवडतो, कारण तेवढे दिवस वाढीव पगार द्यावा लागत नाही, मागाहून एरियर्स दिले की झालं. म्हणून मी याला हस्तक्षेप म्हणत नाही, उशिरा केलेलं स्वतःचं काम म्हणतो. माझ्या जुन्या मॅनेजमेंटवाल्या मित्रांना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं युनियन शेवटच्या रात्रीशिवाय आकडा खाली आणतच नाही. त्यातही तथ्य आहे म्हणा. ताई, तुमच्या कामाची गोष्ट यात एकच, तो करार पाच वर्षांचा आहे, 31 डिसेंबर 2026 ला संपतो. कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

तुमच्या बायरचं उत्तर. अमेरिकेत ईस्ट कोस्टच्या गोदी कामगारांनी 1 ऑक्टोबर 2024 ला काम बंद केलं, सुमारे 45,000 माणूस. तिकडे 1947 चा टाफ्ट-हार्टली कायदा आहे, राष्ट्राध्यक्ष कोर्टात जाऊन 80 दिवसांसाठी सगळ्यांना कामावर परत पाठवू शकतो. बुशने 2002 ला वेस्ट कोस्टला तो वापरला होता, आणि गंमत म्हणजे तो संप नव्हताच, मालकांनीच दहा दिवस टाळं लावलेलं. माणसं परत आली पण साचलेला माल निघायला कित्येक आठवडे लागले आणि मालक लोक म्हणत बसले की कामगार मुद्दाम हळू काम करतायत. बायडेनने 2024 ला तो कायदा वापरायला सरळ नकार दिला, उलट शिपिंग कंपन्यांवरच दबाव टाकला की आकडा वाढवा. तीन दिवसांत संप थांबला, सहा वर्षांत 62 टक्के वाढ ठरली. पण कामगारांची खरी भीती ऑटोमेशनची, तो मुद्दा 15 जानेवारी 2025 पर्यंत पुढे ढकलला आणि 8 जानेवारीला मिटला. म्हणजे कायदा वापरा नाहीतर वापरू नका, दोन्ही वेळेला सरकारने दिली ती मुदतच. फरक हा की 2002 ला मुदत कोर्टाने लादलेली आणि 2024 ला दोघांनी आपखुशीने घेतलेली. माणसं कोणत्या मूडमध्ये परत येतात ते यावर ठरतं आणि तुमचा डबा किती दिवस यार्डात पडतो ते त्या मूडवर.

कॅनडाचं आणखी मजेशीर आहे. तिकडच्या लेबर कोडचं कलम 107 मंत्र्याला एवढी मोकळीक देतं की नोव्हेंबर 2024 ला व्हँकुव्हर साइडची बंदरं आणि माँट्रियल, दोन्हीकडे टाळेबंदी चालू असताना मंत्र्याने एकाच दिवशी तिकडच्या औद्योगिक संबंध बोर्डाला सांगितलं की काम सुरू करायला लावा आणि वाद लवादाकडे टाका. फास्ट एकदम. पण सारखं सारखं तेच औषध दिलं की लागू पडेनासं होतं. ऑगस्ट 2025 ला एअर कॅनडाच्या केबिन क्रूवर हेच 107 लावलं तेव्हा युनियनने आदेश मोडला, म्हणाले नाही येत, आणि दोन-तीन दिवसांत मिटलं ते बोलणी करूनच. शिवाय मालकाला एकदा खात्री झाली की मंत्री येणारच आहेत, तर तो टेबलवर आकडा कशाला वाढवेल? हे मी स्वतः केलंय हो छोट्या प्रमाणात, "बसू द्या त्यांना, प्रांतसाहेब येतीलच उद्या" म्हणून.

प्रांतावरून आठवलं. आपल्याकडे उरण-पनवेल पट्ट्यात सरकार म्हणजे दिल्ली नाही. सीएफएसच्या गेटवर गावातली पोरं बसली, विषय बहुतेक वेळा पगाराचा नसतो, भरतीचा असतो, की आमच्या जमिनीवर गोडाऊन आणि माणसं बाहेरची, तर तिथे येतं कोण? पोलिस इन्स्पेक्टर, तहसीलदार, आमदार, कधी सरपंच. यातलं एकही माणूस कामगार कायद्यात कुठे नाही. पण रात्री अकराला गेट त्यांनीच उघडून दिलेलं मी बघितलंय. आणि पोलिसही इथे दांडा काढायच्या आधी दहादा विचार करतात, कारण 16-17 जानेवारी 1984 ला जासई-दास्तानफाट्याचं जमीन संपादनाविरुद्धचं आंदोलन, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं, त्यात गोळीबारात पाच शेतकरी गेले आणि ते इथे घराघरात माहितीये. बाहेरून आलेले एचआर मॅनेजर हे न समजता पहिल्याच दिवशी "पोलिस प्रोटेक्शन मागवा" म्हणतात. मागवा, येईल, गेट उघडेल, आणि पुढचे सहा महिने फोर्कलिफ्ट रोज पंक्चर होईल.

माथाडींचं थोडक्यात, तो 1969 चा राज्याचा कायदा, मंडळ राज्याचं, त्यामुळे तिथे कामगारमंत्री आणि मुंबईतली बैठक. त्यांचा बंद बहुतेक एक दिवसाचा लाक्षणिक असतो, तुमचा माल फॅक्टरीतच डब्यात भरला जातो (फॅक्टरी स्टफिंग) त्यामुळे तुम्हाला फारसा बसत नाही.

आता मुख्य, ट्रेलर. ताई तुमची भीती याचीच आहे आणि सरकारचा कायदा नेमका इथेच लुळा आहे. ट्रेलरमालक कामगार नाही, धंदेवाला आहे. त्याने गाडी उभी केली तर तो औद्योगिक कायद्यातला संप नाहीच, त्याला 14 दिवसांची नोटीस नाही, समेट अधिकारी नाही, मिनिट्स नाहीत. वेळ विकत घ्यायची जी यंत्रणा वर सांगितली ती इथे मुळातच नाही. म्हणून इथे थेट वरचे लोक उतरतात आणि तेही गाड्या थांबल्यावर. 20 जुलै 2018 ला डिझेल, टोल, थर्ड पार्टी प्रीमियमवरून देशभर गाड्या थांबल्या, आठ दिवस चालला, 27 ला रात्री सरकारच्या आश्वासनावर मागे घेतला. त्यात माझ्या एका पार्टीचे दोन डबे तळोजात फॅक्टरीच्या दारातच उभे. बोट चुकली, पुढची मिळाली पण एलसीतली, म्हणजे बँकेच्या हमीपत्रातली, शिपमेंटची शेवटची तारीख उलटून गेली, कागद डिस्क्रेपंट म्हणजे अटीत न बसणारे, दुबईचा बायर म्हणाला चार टक्के सोडा तर उचलतो. सोडले. आणि त्या शिपिंग लाईनने डब्याचं डिटेन्शन, म्हणजे डबा ठरल्यापेक्षा जास्त दिवस ठेवल्याचा आकार, पूर्ण आठ दिवसांचं लावलं, मी पेपरातली संपाची कात्रणं जोडून पत्र दिलं, उत्तर आलं "ॲज पर टॅरिफ".

1 जानेवारी 2024 चं तर वेगळंच. नवीन न्याय संहितेत हिट अँड रनला दहा वर्षांपर्यंत शिक्षा म्हणून ड्रायव्हरच गाड्या सोडून उतरले, बहुतेक ठिकाणी मोठ्या संघटनेची रीतसर हाकसुद्धा नव्हती, व्हॉट्सॲपवर पसरलं. माझा द्राक्षाचा एक रीफर, म्हणजे थंड कंटेनर, नाशिकहून निघालेला तो पळस्पे फाट्याच्या अलीकडे उभा, ड्रायव्हर फोन उचलेना, रीफर चालतो जनसेटवर, जनसेटला डिझेल लागतं, आणि इकडे वाशीत पेट्रोल पंपावर सानपाड्यापर्यंत लाईन कारण लोकांना वाटलं टँकर येणार नाहीत. मुलाला ॲक्टिवावर दोन कॅन घेऊन पाठवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केंद्रीय गृहसचिव ट्रान्सपोर्ट संघटनेबरोबर बसले आणि सांगितलं की चर्चा केल्याशिवाय कलम लागू करणार नाही. दोन दिवसांत संपलं. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते 106 चं पोटकलम 2 खरंच बाजूला ठेवलं. म्हणजे सरकार झुकलं, आणि पटकन झुकलं. पण का, तर पेट्रोल पंप, दूध, भाजी. टँकरला बंदोबस्त मिळतो, गॅस्केटच्या डब्याला कोण देतो? सरकार कोणत्या दिवशी मध्ये पडेल ते तुमच्या नुकसानावर ठरत नाही, ते शहराच्या भाजीवर ठरतं.

म्हणून तुमच्या "दोन दिवसांत मोकळं करतात ना" चं उत्तर असं की संप दोन दिवसांत मिटेलही, पण तुमचे दिवस तेव्हा संपत नाहीत. दोन दिवस गाड्या बंद राहिल्या की तिसऱ्या दिवशी सगळ्या एकदम निघतात, करळ फाट्यापासून लाईन, टर्मिनलचं गेट तेवढंच, पार्किंग प्लाझा भरलेला, ड्रायव्हर चोवीस तास स्टिअरिंगवर, आणि कट-ऑफ, म्हणजे डबा आत घ्यायची शेवटची वेळ, मात्र बोटीच्या वेळेवर. मी मनात हिशोब धरतो की एक दिवस बंद म्हणजे तीन दिवस घोळ, हा माझा अनुभव, कुठला फॉर्म्युला नाही.

आता तुम्ही करायचं काय. बोट कधीची आहे ते लिहिलं नाही तुम्ही, पण गेट ओपन झालं असेल, म्हणजे टर्मिनल त्या बोटीचे डबे आत घेत असेल, तर आजच गाडी लावा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील, डबा टर्मिनलच्या आत गेला की ट्रेलरवाल्यांचा विषय संपला. गेट ओपन नसेल तर आधीच फॅक्टरीत भरून डबा अडकवून ठेवू नका, डिटेन्शनचं मीटर तुमच्या दारात फिरत राहील, त्यापेक्षा सुटा माल सीएफएसला नेऊन (कार्टिंग) तिथे भरायचं बघा, टेम्पो आतल्या रस्त्याने जातो, मोठा ट्रेलर अडवतात. एलसी काढून बघा, शिपमेंटची शेवटची तारीख जवळ असेल तर बायरला आजच अमेंडमेंट मागा, संप झाल्यावर नाही. बरेच लोक मला सांगतात की फोर्स मेज्युअर, म्हणजे हाताबाहेरच्या घटनेची सूट, आहे ना यूसीपीत, एलसीच्या नियमावलीत. आहे, कलम 36, पण ते बँकेचं स्वतःचं काम बंद पडलं तर बँकेला वाचवायला आहे, बंदरात संप झाला म्हणून तुमची शिपमेंट डेट त्याने पुढे जात नाही. तसंच इन्शुरन्स. साध्या ऑल रिस्क कार्गो पॉलिसीत संप वगळलेला असतो, स्ट्राइक क्लॉज वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घेतला तरी संपवाल्यांनी माल फोडला जाळला तर भरपाई, नुसता उशीर झाला तर शून्य.

शिपिंग लाईनला आत्ताच एक मेल टाकून ठेवा की चक्का जामची बातमी आहे, झाला तर फ्री डेज वाढवून द्या. सरकार लाईनला सांगेल या भरवशावर राहू नका. कोविडला मार्च 2020 मध्ये केंद्राच्या डीजी शिपिंगने लाईन्सना डिटेन्शन घेऊ नका असं सांगितलं होतं, ते लॉकडाऊन होतं म्हणून, ट्रकच्या चार दिवसांसाठी कोणी पत्र काढत नाही. मेल असला तर नंतर भांडताना निम्मं तरी सुटतं, माझं 2018 ला कात्रणांवर सुटलं नव्हतं कारण आधी कळवलंच नव्हतं.

आणि तो ट्रान्सपोर्टर. त्याला विचारा की तू स्वतः गाडी उभी करणार आहेस, का फक्त भाव चढायची वाट बघतोयस. आवाजावरून कळेल. एलसीचा फोटो आणि बोटीचं नाव पाठवा, रात्रीपर्यंत बघून सांगतो.